कय्यूम सरांची पात

मुलींची टीम बाहेरगावी खेळायला निघाली की सोबत एक बाई पाहिजे, असा नियम आहे. आमच्या पांढरकवड्याच्या शाळेत ती बाई म्हणजे मी. का, तर माझी मुलगी मोठी झाली होती, नवरा बँकेतून वेळेवर घरी यायचा आणि मला 'नाही' म्हणता येत नाही हे हेडमास्तरांनी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. मी भूगोल शिकवते. बास्केटबॉलमधलं मला एवढंच कळायचं की बॉल त्या कड्यातून खाली पडला की आपल्या पोरी नाचतात आणि समोरच्यांच्या पोरींची तोंडं उतरतात. तरीही कय्यूम सरांसोबत मी इतकी गावं फिरले, इतक्या परक्या शाळांच्या वर्गांत सतरंजी टाकून झोपले आणि इतकं पाणचट वरण प्याले, की आज कोणी बास्केटबॉल म्हटलं की मला आधी पाठदुखी आठवते आणि मग कय्यूम सर.

माणूस उंच, पण गुडघ्यांत खचलेला. चालताना आधी उजवा पाय पुढे टाकायचे, मग डाव्याची मनधरणी करायचे. गळ्यात शिट्टी असायची, पण ती फुंकायचासुद्धा त्यांना कंटाळा. नुसती हातात धरून वर करायचे आणि पोरी थांबायच्या. त्यांचं घर हायवेला लागून. वडील आणि भाऊ ट्रकची दुरुस्ती करायचे. "आमच्या खानदानात माहीच नखं पांढरी हायेत मॅडम," असं ते म्हणायचे, आणि त्यात अभिमान किती आणि खंत किती हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. आमच्या मैदानावरची दोन्ही कडी त्यांच्या भावानेच गॅरेजमध्ये वेल्डिंग करून दिलेली. ती इतकी जाड होती की बॉल जोरात आदळला तर रस्त्यापर्यंत जायचा. त्यामुळे आमच्या पोरी बॉल अलगद ठेवायला शिकल्या, हा आपोआप झालेला फायदा.

तरुणपणी सर धावायचे. विद्यापीठाकडून खेळले होते. बॉल हातात आला की मागे वळून पाहायचं नाही, सरळ समोरचं कडं गाठायचं, असा त्यांचा खेळ होता म्हणे. एका सामन्यात गुडघा गेला आणि पुढची सगळी वर्षं ते आमच्या शाळेत पी.टी.चे सर झाले. पण तो खेळ त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. दरवर्षी शाळा सुरू झाली की स्टाफरूममध्ये चहाचा कप हातात घेऊन ते माझ्यासमोर एकच वाक्य म्हणायचे.

"एक बार मॅडम. फक्त एक बार मले धावनारी टीम भेटली पाह्यजे. मंग मी सुखानं रिटायर होतो."

"मग यंदा धावायला लावा ना सर."

"तसं नाई होत ना. घरात ज्वारी हाय तं भाकरच थापा लागते. पोळीसाठी रडून काय फायदा?"

मग ते मैदानावर जाऊन घरात काय आहे ते पाहायचे. ही पाहण्याची पद्धत मला पहिली काही वर्षं चक्रमपणाची वाटायची. नव्या पोरी आल्या की बरेच दिवस बॉल बाहेरच काढायचे नाहीत. मैदान झाडायला लावायचे, ड्रम भरायला लावायचे आणि स्वतः पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून राहायचे. मध्येच एकीला बोलवायचे. "घरी काय काम करतं वं तू?" पोरगी बिचारी लाजून सांगायची, भांडी घासते, शेळ्या चारते, लहान भावाला सांभाळते. सर मान हलवायचे. उंची विचारायचे नाहीत, वजन विचारायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "सर, सोयरीक जुळवायची आहे का?"

"सोयरीकच हाय मॅडम. पोरीची न् खेळाची," ते म्हणाले. हसले नाहीत.

एका वर्षी मंदा नावाची एक पोरगी आली. गोल, गुबगुबीत. मैदानाची एक फेरी मारली की पोटात दुखतं म्हणून बसायची. मी म्हटलं हिला काही घेणार नाहीत. पण तिने घरचं काम सांगितलं, की ज्वारी भरली की शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं उडवते. सरांनी तिच्या हातात बॉल दिला आणि लांबून कड्याकडे बोट दाखवलं. त्या वर्षी आमच्या टीमचा खेळ म्हणजे बाकीच्या चौघींनी समोरच्या पोरींची वाट अडवायची आणि मंदाने निवांत उभं राहून बॉल टाकायचा. "चौघी सालदार अन् मंदा मालगुजार," सर म्हणायचे, म्हणजे चौघी वर्षाने बांधलेल्या गडी आणि ही जमीनदार. सालदार पोरी तक्रार करायच्या, की आम्हाला बॉल मिळतच नाही. जिल्ह्याचा कप आला तेव्हा त्यांची तक्रार मिटली. पुढच्या वर्षी मंदाचं लग्न झालं. दुसऱ्या एखाद्या सरांनी तोच डाव दुसऱ्या पोरीवर चालवून पाहिला असता. कय्यूम सर पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले. मंदा गेली तिथे मंदाचा खेळही गेला, असा त्यांचा हिशेब.

यात माणूस थकतो. आम्ही भूगोलवाले एकदा नकाशा पाठ केला की जन्मभर तोच शिकवतो, गोदावरी काही दरवर्षी दिशा बदलत नाही. सरांना मात्र दर जूनमध्ये श्रीगणेशापासून सुरुवात. एखादीचं लग्न होई, एखादी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागे, एखादी आईबापांसोबत तेलंगणात मिरची तोडायला जाई ती दिवाळीनंतरही परतत नसे. टीम जमली जमली म्हणेपर्यंत विस्कटायची. सामन्याला निघताना एसटी स्टँडवर सर पोरी मोजत उभे राहायचे, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नसे.

मग आदिवासी वसतिगृहातल्या पोरी आल्या. त्यात रेखा आत्राम. बारीक, काळी, बोलणं जवळजवळ नाहीच. ड्रम भरायला लावलं तेव्हा बादली घेऊन ती अशी धावली की कय्यूम सर कट्ट्यावरून उठून उभे राहिले. गुडघ्यांमुळे ते उगाच उठत नसत. मी व्हरांड्यात होते. कट्ट्यापासूनच त्यांनी मला हात केला.

"मॅडम! आली! माही टीम आली!"

नुसती रेखाच नाही, तिच्यासोबतच्या सगळ्याच पोरी हरणासारख्या धावायच्या. सरांनी त्या वर्षी पहिल्यांदा शिट्टी वाजवलेली मी ऐकली. डाव्या पायाची मनधरणी करायचंही विसरले होते.

पहिला सामना वणीला होता. सुरुवातीलाच रेखाने समोरच्या पोरीच्या हातातून बॉल हिसकावला आणि सुटली. सगळ्या मागे राहिल्या. कड्याखाली ती एकटी. अडवायला कोणी नाही, नुसता हात वर करायचा की दोन गुण. आणि तिथे ही पोरगी थांबली. वळली. बॉल कमरेला लावून मागच्यांची वाट पाहत उभी राहिली. आमच्या बाकावरून सर ओरडताहेत, मी ओरडतेय, जिला काही कळत नाही ती मीसुद्धा. ती आमच्याकडे पाहते आणि शांतपणे उभी. तेवढ्यात वणीच्या पोरी आल्या आणि बॉल घेऊन गेल्या. असं एकदा नाही, दर वेळी. रेखा थांबली नाही तर दुसरी थांबायची. आम्ही दणकून हरलो. प्रेक्षकांमध्ये हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली होती.

परतीची एसटी धरली. करंजीच्या फाट्यावर चहाला उतरलो तेव्हा त्यांनी रेखाला बोलावलं. मला वाटलं, आता पोरीची खैर नाही.

"काहून थांबली वं तू?"

रेखा खाली पाहून म्हणाली, "एकटीनं धुऱ्यावर जाऊन काय करू सर? मांगच्याईची पात रायते ना."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेतकऱ्याची मुलगी, मला कळलं होतं. निंदायला, म्हणजे तण काढायला, बायका वावरात ओळीने बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो ती तिची पात. ज्या बाईचा हात चपळ तिची पात आधी संपते, ती धुऱ्याला म्हणजे बांधाला आधी पोचते. पण तिथून ती निघून जात नाही. मागे राहिलेलीच्या पातीला उलट्या बाजूने हात लावते आणि सगळ्या मिळून वर येतात. एकटीच पुढे गेलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी कोणी शेजारी बसू देत नाही. या पोरी चालायला लागल्या तेव्हापासून आयांसोबत हेच करत आल्या होत्या. रेखा धुऱ्यावर पोचली होती आणि थांबली होती, एवढंच.

मी सरांना हे समजावून सांगितलं. ते चहा घ्यायचं विसरले, त्यावर साय धरली. गाडी सुटायच्या वेळी म्हणाले, "पुन्हा ज्वारीच निंगाली मॅडम."

"अहो, लहान आहेत. महिनाभर ओरडलात की जाईल ती सवय."

"जाईन ना. महिन्यात मी ते मोडू शकतो. पन मोडल्यावर त्याईच्यापाशी काय रायते?"

दुसऱ्या दिवसापासून नवा खेळ सुरू झाला. पाचही पोरी आडव्या ओळीत, बॉल हातोहात, कोणी पुढे पळायचं नाही, कोणी मागे सुटायचं नाही. पाचही जणी कड्यापाशी पोचल्या की मगच बॉल वर. समोरचे चालून आले की प्रत्येकीने आपल्या पट्ट्यावर पाय रोवायचा आणि एक डोळा शेजारणीच्या पट्ट्यावर. शेजारीण कमी पडली की न सांगता हात लावायचा. सूचना एकच होती, "पात धरा." ते ऐकून इतर शाळांचे सर बुचकळ्यात पडायचे. पाहायला हा खेळ कंटाळवाणा होता, खोटं कशाला बोलू. मला तर डुलकी लागायची. पण समोरच्या पोरींचा जीव मेटाकुटीला यायचा. त्यांना धावायला जागाच सापडायची नाही, कुठूनही घुसलं तरी समोर दोघी उभ्या. वसतिगृह असल्यामुळे या पोरी मध्येच जातही नव्हत्या आणि नव्या यायच्या त्याही त्याच वावरांतून. सरांना प्रथमच एकच खेळ सलग काही वर्षं करायला मिळाला. तालुका जिंकलो, जिल्हा जिंकलो. आणि दर जूनला चहाचा कप हातात घेऊन सर म्हणायचे, "एक बार मॅडम." मी हसायचे. ते हसायचे नाहीत हे मला उशिरा लक्षात आलं.

सरांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आम्ही विभागीय सामन्यांसाठी अमरावतीला गेलो. रेखा तेव्हा बारावीला, कॅप्टन. संस्थेचे अध्यक्ष मुद्दाम गाडी करून आले होते. सकाळचा आमचा सराव पाहून ते सर्वांसमोर म्हणाले, "कय्यूम सर, हे बास्केटबॉल आहे की निंदण?" सगळे हसले. सरही हसले. अध्यक्षांना काय माहीत की त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं.

पण सामन्याआधी सरांनी पोरींना गोळा केलं आणि म्हणाले, "आज पात नाई. आज पळाचं. हे विभागाचे सामने हाय, इथं घड्याळ लावते. चोवीस सेकंदांत बॉल रिंगवर टाका लागते. तुमच्यानं तितक्यात पात होनार नाई. रेखा, बॉल भेटला का सुटाचं. मांगं पाहाचं नाई."

पोरींनी माना डोलावल्या. सरांना नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

रेखा धावली. काय धावली! आणि सर बाकावर बसलेच नाहीत, रेषेला लागून उभे. "पळ! पळ वं!" मी त्यांचा तो चेहरा आधी कधी पाहिला नव्हता. त्यावरचा शीण पुसून गेला होता, विशीतला कोणी पोरगा तिथे उभा असावा असं वाटत होतं. पण समोर काय चाललं होतं ते मलाही दिसत होतं. रेखा एकटी कड्यापाशी, बॉल टाकतेय, कधी पडतोय कधी नाही. बाकीच्या चौघी मैदानभर पांगलेल्या, कुठे उभं राहावं हे न कळून एकमेकींकडे पाहताहेत. समोरच्या पोरी त्यांच्यामधून दाणे वेचावेत तसे गुण वेचून नेत होत्या. मला सरांचा राग आला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तो राग धरवेना.

मध्यंतराला आम्ही बरेच मागे होतो. अध्यक्षांची गाडी निघून गेली होती. पोरी पाणी पीत होत्या, कोणी मान वर करत नव्हतं. मग रेखाच बोलली.

"सर, एक सांगू का?"

"सांग."

"तुमी म्हनान तं आमी पळतो. मले येते पळता. पन या मांगं रायते तं मले करमत नाई. पात धरू का? घड्याळात बसवतो ना आमी."

सरांनी एकदा कड्याकडे पाहिलं. मग उजवा पाय सावरला, डावा सावरला आणि बाकावर बसले.

"धरा," ते म्हणाले.

त्या एका शब्दात त्यांनी काय सोडलं ते पोरींना कळायचं वय नव्हतं. त्या पळत मैदानावर गेल्या आणि तिथे पोचल्याबरोबर चालायला लागल्या. आडव्या, एका ओळीत. घड्याळात कसं बसवलं ते मला विचारू नका, पण बसवलं. हातोहात बॉल इतक्या झटपट फिरायला लागला की मला डुलकी आली नाही. एकेक करत त्या जवळ आल्या. अगदी जवळ आल्या. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आम्ही एका बास्केटने मागे होतो.

पोरी ढसाढसा रडल्या. सरांनी कोणाला उगी केलं नाही. प्रत्येकीला नाव घेऊन केळं दिलं आणि खायला लावलं. परतताना एसटीत ते माझ्या पुढच्या सीटवर बसले होते. नेरच्या पुढे कुठेतरी, मागे न वळता बोलले.

"घड्याळाचा बहाणा होता मॅडम. मले पाहाचं होतं. एक बार."

"पाहिलंत ना मग?" माझा आवाज मलाच कडू वाटला.

"पाह्यलं. रेखा पळे तं मले वाटे का मीच पळून राह्यलो." मग खिडकी लावून घेत म्हणाले, "ज्वारीची पोळी लाटली मी. चटके पोरीईच्या हाताले बसले."

पूर्वार्धात पात धरली असती तर आपण जिंकलो असतो, हे त्यांना माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती. पण मनातून मला वाटत होतं की एवढी वर्षं भाकरी थापणाऱ्या माणसाने एकदा पोळी लाटून पाहिली तर देवाने, त्यांच्या किंवा माझ्या, जरा सांभाळून घ्यायला हवं होतं.

सर रिटायर झाले. शाल, नारळ, भाषणं सगळं रीतसर झालं. अध्यक्षांनी 'तडफदार' हा शब्द वापरला तेव्हा सरांनी माझ्याकडे पाहून हळूच भुवई वर केली. त्यांच्या जागेवर नवीन माणूस काही आला नाही, जागा भरायला बंदी आहे म्हणतात. सर आपले रोज सकाळी मैदानावर येत राहिले. हळूहळू दोन्ही गुडघे बोलायला लागले, हातात काठी आली. मी म्हणायचे, आता घरी बसा. ते म्हणायचे, घरी बसून ट्रकचे हॉर्न ऐकू का? मागच्या पावसाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही असं त्यांच्या भावाने सांगितलं. मी मयतीला गेले तेव्हा हायवेच्या कडेला कितीतरी बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या एका गोल, गुबगुबीत बाईने कडेवर लेकरू घेतलेलं होतं. ती मंदा होती.

पण मला ते दिसतात ते त्याआधीच्या थंडीतले. सकाळच्या शाळेला मी जरा लवकर पोचले होते. व्हरांड्यातून मैदान दिसत होतं. रेखा पोलीस भरतीची तयारी करत होती, तेव्हा पहाटेच येऊन टीमच्या पोरींना सोबत धावायला घ्यायची. त्या पलीकडच्या टोकाकडे निघाल्या होत्या आणि त्यांच्या मागे, बऱ्याच मागे, काठी टेकत कय्यूम सर. आधी उजवा पाय, मग डाव्याची मनधरणी. रेखा सगळ्यांच्या पुढे रेषेवर पोचली. थांबली आणि वळली. पाठोपाठ पोचलेल्या पोरीही थांबल्या.

सर मैदानाच्या मधूनच ओरडले, "काहून थांबल्या वं? पळा! रेखा, तुले भरतीत कोनी थांबू देनार हाय का? पळ!"

"या तुमी सर," रेखा तिकडून ओरडली. "तुमची पात रायली."

सरांनी काठी उगारली, शिट्टी उगारली, आणखी काय काय बडबडले ते मला ऐकू आलं नाही. एकही पोरगी हलली नाही. मग रेखा उलट्या दिशेने चालत मैदानाच्या मध्यापर्यंत आली. तिने त्यांचा हात धरला नाही, ते त्यांना चाललं नसतं. नुसती बाजूला उभी राहिली आणि त्यांच्या पावलाने चालायला लागली. तिच्यामागून बाकीच्याही आल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना आडव्या ओळीत लागल्या. सर बडबडायचे थांबले. शाळेची घंटा झाली, माझा पहिला तास होता, पण ते सगळे त्या रेषेला पोचेपर्यंत मी वर्गावर गेले नाही.